सारंगात गंधार कुठून आला? आणि हा रूपक सहा मात्रांचा कसा?

पांढरी_पाच (नेरूळ)

नमस्कार मंडळी. इथे दाक्षिणात्य संगीतातले जाणकार आहेत असं जुने धागे चाळताना दिसलं, म्हणून धीर करून विचारतोय. प्रश्न दोनच आहेत. थोडं पाल्हाळ लागेल, त्याशिवाय प्रश्न वेड्यासारखे वाटतील.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर ३२ वर्षं हिशेब लिहिला. पेटी वाजवतो ती भजनी मंडळात. मधे दोन वर्षं रीतसर शिकवणी लावली होती, त्यामुळे थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर एवढं तोंडपाठ आहे. त्यापलीकडे मजल नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मामी राहतात. आमच्याकडे मामी म्हणजे मामाची बायको, पण यांना वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळेच मामी म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मूळच्या त्रिचीच्या, लग्न होऊन आधी माटुंग्याला आल्या, मग सिडकोचं घर लागलं तेव्हा इकडे. मराठी उत्तम बोलतात, फक्त भांडताना तमिळवर जातात. रोज सकाळी सव्वासहाला त्यांचा टेप लागतो आणि त्याच घड्याळावर आमच्याकडे दूध तापतं. यंदा रामनवमीच्या भजनासाठी त्या स्वतःहून म्हणाल्या, "रामाचंच आहे, मी एक म्हणते. पेटी तुम्ही धरा." आणि ती सकाळची कॅसेट माझ्या हातात ठेवली.

कव्हरवर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: रंगपुर विहार, बृंदावन सारंग, रूपकम्, मुत्तुस्वामी दीक्षितर (रचना त्यांची). खाली गाणाऱ्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. मी म्हटलं, झालं काम. राग माहीत, ताल माहीत, शब्द संस्कृत. सारंग तर मी झोपेतही वाजवीन. जाताना शुद्ध नी, येताना कोमल, ग आणि ध वर्ज्य.

तर पहिला प्रश्न. खाली येताना बाई सा वर टेकायच्या आधी रे च्या आसपास काहीतरी करतात. ते पेटीवर शोधत बसलो. रे दाबला तर कमी पडतं, म दाबला तर जास्त होतं. मधली काळी, म्हणजे कोमल ग दाबला तर बसतं, पण नवीन चपलेसारखं, चावत बसतं. चाळीस वेळा तरी कॅसेट मागे नेली असेन. शेवटी हिने आतून विचारलं, "टेप अडकलाय का तुम्ही?" सारंगात गंधार! आमच्या सरांनी ऐकलं असतं तर पेटीचं झाकण बोटांवर आपटलं असतं. माझे कान गेलेत, कॅसेट खराब आहे, की तिकडे असंच असतं?

दुसरा प्रश्न रूपकाचा. याची शोभा चारचौघांत झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये पहिली तालीम. आमचे तबलजी कव्हर वाचून म्हणाले, "रूपक ना? सात मात्रा, सम म्हणजे पहिली मात्राच 'खाली', बिनभरीची. मला शिकवू नका." मामींनी डोळे मिटून सुरुवात केली. यांनी ती ती ना, धी ना, धी ना धरलं. पहिल्या आवर्तनालाच काहीतरी बिनसलं. तबलजींना वाटलं मामी घाई करतायत, मामींना वाटलं हे रेंगाळतायत, आणि मी मधे भाता मारत दोघांच्या तोंडाकडे बघत. हिशेबनिसाची सवय, मनात मोजलं. मामींचं चक्र सहाचं होतं. सहा आणि सात यांची गाठ दर ४२ मात्रांनी पडते. तेवढ्यापुरता तबलजींचा चेहरा उजळायचा, "आली समेवर" असं पुटपुटायचे, की पुढच्याच आवर्तनात पुन्हा अंधार. रूपक सहाचा असतो का कुठे?

आणि ही नुसती तक्रार. कॅसेटचा सूर माझ्या पेटीच्या कुठल्याच पट्टीला धड लागत नाही. सुरुवातीला एका पट्टीच्या जेमतेम वर असतो आणि गाणं संपेपर्यंत पुढच्या पट्टीला जाऊन टेकतो. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा सूर चढेल यावर माझा तरी विश्वास नाही.

रामनवमीला अजून अठरा दिवस आहेत.

कोपरीपूल

काका, ते ४२ वाचून ऑफिसात हसलो, शेजारचा बघायला लागला. मला कळत काहीच नाही, पण धागा पकडून ठेवतो.

सूनबाई_सीवूड्स

पांढरीपाचकाका, तुमचे कान शाबूत आहेत. मी माहेरची डोंबिवलीची, सासर तमिळ. लग्नानंतर सासूबाईंकडे अकरा वर्षं शिकतेय, आणि पहिली दोन वर्षं मी याच दोन खड्ड्यांत पडत होते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताल. कर्नाटक, म्हणजे दाक्षिणात्य, संगीतात नुसतं 'रूपक' म्हटलं की २ अधिक ४, अशी सहा अक्षरं, म्हणजे तुमच्या मात्रा. नाव एकच, पण तुमच्या रूपकाशी त्याचं नातं नाही. गंमत पुढे आहे. तबलजी वाजवतात ती ३+२+२ अशी सातची विभागणी आमच्याकडे जशीच्या तशी आहे, पण तिचं नाव तिस्र जाती त्रिपुट. म्हणजे तुमचा रूपक तो आमचा त्रिपुट, आणि आमचा रूपक तुमच्या दादऱ्याच्या मापाचा. मापाचा म्हणतेय, दादरा नव्हे. दादऱ्याची ३+३ अशी झुलती चाल लावलीत तर मामी गायच्या थांबतील. तबलजींना सांगा, मामींच्या हाताकडे बघा. हात सगळं सांगतो.

आता गंधार. बृंदावन सारंग हा खरहरप्रिया मेळातला, म्हणजे २२ व्या मेळातला राग. तुमच्याकडचा काफी थाट तोच. चढताना सा रे म प नी सां, शुद्ध नी घेऊन, अगदी तुमच्यासारखं. उतरताना कोमल नी, प, म, रे, आणि मग सा च्या आधी 'रे ग रे सा'. हा ग म्हणजे साधारण गांधार, तुमचा कोमल ग. तो रागाच्या अवरोहातच आहे, चूक नाही. पण तो उभा राहत नाही. रे च्या अंगाला लागून हलतो आणि रे मध्येच विरतो. पेटीवर बोट ठेवलंत की तो उभा राहतो, म्हणून तुम्हाला चावला.

अजून एक सावधगिरी. पल्लवी म्हणजे ध्रुवपद, मग अनुपल्लवी, मग चरण, असे गाण्याचे तीन भाग. अनुपल्लवीच्या आणि चरणाच्या शेवटी शब्द एकदम दुप्पट वेगाने येतात. 'श्यामलांग विहंग तुरंग' इथे बघा. त्याला मध्यमकाल म्हणतात, दीक्षितरांची ती खास सवय. ताल तोच राहतो, अक्षरं दाटीने बसतात. तबलजी तिथे लय वाढवतील. वाढवू देऊ नका.

घंटाळीकर

सूनबाईंच्या माहितीबद्दल आदर ठेवून थोडा मतभेद. मी ठाण्यात गेली बरीच वर्षं ख्याल शिकवतो. ही कृती मी एम. एस. यांच्या आवाजात अनेकदा ऐकली आहे. तिथे ऐकू येतं ते मला रे वरचं आंदोलन, म्हणजे स्वर हळू झुलवणं, वाटतं. आपल्याकडे मेघ रागात रे वर मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन आंदोलन देतात, त्या जातीचं. याला स्वतंत्र गंधार म्हणणं म्हणजे पेटीने गाणं ऐकणं झालं. पेटीवर मधली काळी सापडली म्हणून गळ्यात ती होतीच असं नाही.

दुसरं म्हणजे सारंग हा दुपारचा राग. पहाटे सव्वासहाला सारंग ऐकून यांचं दूध उतू कसं जात नाही!

सूनबाई_सीवूड्स

सर, कण आणि स्वर यातली सीमा दोन्हीकडे वेगळ्या ठिकाणी आखली आहे, एवढंच म्हणेन. आमच्याकडे स्वर म्हणजे त्याच्या हालचालीसकट स्वर. सरगम म्हणून दाखवताना सासूबाई तिथे तोंडाने 'रि ग रि स' असंच म्हणतात. त्यांना 'म चा कण' म्हटलं तर त्या बघतच राहतील. मात्र किती ग घ्यायचा यात गायकागणिक फरक पडतो हे खरं. काही जण तो इतका कमी घेतात की राग तुमच्या वृंदावनी सारंगाच्या अंगणात जाऊन बसतो.

वेळेचं म्हणाल तर तिकडे रागांच्या वेळा अशा काटेकोर पाळत नाहीत. देवाला आवडलं की झालं.

घंटाळीकर

'स्वर म्हणजे हालचालीसकट स्वर' हे मान्य करायला दोन दिवस द्या. (रामाचा जन्म दुपारी बाराचा, तेव्हा कार्यक्रमापुरता माझा वेळेचा आक्षेप मागे.)

टू_इन_वन

मला रागातलं ओ की ठो कळत नाही, पण कॅसेटचं बोला. ठाणे स्टेशनजवळ माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता मोबाइलची कव्हरं विकतो.

ही कंपनीची कॅसेट नाही. अक्षर मामींचं आहे म्हणता, म्हणजे घरी केलेली कॉपी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. मोटर हळू फिरत असताना रेकॉर्डिंग केलं आणि नंतर नीट फिरणाऱ्या मशीनवर वाजवलं, तर गाणं जलद आणि वरच्या सुरात येणार. सहा टक्क्यांचा फरक पडला की एक पट्टी गेली समजा.

आता तुमची कॅसेट सुरुवातीला थोडी वर आणि शेवटी जास्त वर. म्हणजे रेकॉर्ड होत असताना मोटर हळूहळू दमत गेली. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. सेलवर रेकॉर्डिंग! मोटरला वेग सांभाळणारी व्यवस्था असते, पण सेल फारच उतरले की तीही हात टेकते. मामींना एवढंच विचारा, कॉपी करताना लाइट होती का?

वाजवणारं मशीन बिघडलेलं असतं तर दुसऱ्या कॅसेटीही तशाच चढल्या असत्या. त्या चढतात का?

पांढरी_पाच (नेरूळ)

मंडळी, उशिरा लिहितोय, पण लिहिण्यासारखं बरंच आहे.

टूइनवनसाहेब, तुम्हाला दंडवत. बाकीच्या कॅसेटी सरळ वाजतात. मामींना विचारलं, लाइट होती का. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मोठ्या भावाने, म्हणजे त्यांच्या अण्णाने, त्रिचीच्या घरी ही कॉपी करून दिली होती. मुंबईची गाडी रात्रीची, आणि त्या दुपारी नेमका करंट गेला. घरातला टॉर्च उघडून त्यातले सेल काढून मशीनमध्ये घातले होते. म्हणजे सेलही आधीच वापरलेले. पण गंमत अशी की इतकी वर्षं रोज ऐकून मामींना तो चढता सूरच मूळचा वाटायचा. मी नेटवरचं रेकॉर्डिंग त्यांना मोबाइलवर ऐकवलं. सूर जागचा हलत नाही. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "छान आहे. पण जरा झोपल्यासारखं वाटतं."

मग मी विषय काढला गंधाराचा. कॉफी आली, वाटी-पेल्यातली. पेटी खालीच राहिली होती, ते बरंच झालं. मामी म्हणाल्या, रे लावा. मी गळ्याने लावला, जसा लागतो तसा. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी टेबलावर ठेवली, काचेवर कॉफीचा ओघळ होता तिथे. "हा तुमचा रे." बोट न उचलता ते पुढेमागे हलवलं, जेमतेम एका गव्हाच्या दाण्याएवढं, आणि त्याबरोबर गायल्या. ओघळाची टोकं दोन्हीकडे पसरली. "इथे पुढे गेलं ना, तो ग. मागे आलं, रे. आता सांगा बोट कुठे आहे?" मी म्हटलं, मामी, बोट सगळीकडेच आहे. "मग तुम्ही पेटीवर कुठली पट्टी दाबणार?" मी कप तोंडाला लावला.

घंटाळीकर सर, मी तुमची बाजूही मांडली बरं का. म्हटलं, ठाण्याचे एक शिक्षक म्हणतात हा गंधार नाहीच. मामी म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, नाव काही द्या, पण हलवा."

तालाचं त्यांनी मांडीवर दाखवलं. टाळी, मग तळवा वर करून सोडलेला हात. हे दोन. मग पुन्हा टाळी, आणि अंगठ्याच्या पेरावर करंगळी, अनामिका, मधलं बोट. हे चार. तर्जनीचं कामच नाही. बोटं सांध्यांत सुजलेली, पण करंगळी अशी टिचकन पडत होती की वाटाण्याची शेंग फुटावी. सहा झाले की पुन्हा टाळी. मी त्यांच्यासमोर बसून पंधरा मिनिटं तेवढंच केलं. हिशेबाच्या माणसाला बोटांवर मोजणं जड जायला नको खरं तर, पण माझी करंगळी एकटी खाली पडतच नाही, अनामिकेला घेऊनच जाते.

पट्टीचाही घोळ झाला होता, तो या बैठकीत सुटला. मामी म्हणाल्या, मी 'नालु कट्टै' मधे गाते. नालु म्हणजे चार, मी पांढरी चार धरली आणि सुदैवाने तीच निघाली. पण त्यांची मोजणी अशी की पांढऱ्या पट्ट्या पूर्ण आकड्यांच्या आणि काळ्या साड्यांच्या. आपली काळी तीन त्यांच्याकडे साडेचार, काळी चार साडेपाच. म्हणजे काळी चार म्हणालो असतो तर त्यांनी पांढरी चार समजून घेतली असती आणि तालमीत तिसरा तमाशा झाला असता.

आता शब्दांचं कुणीतरी सांगा. संस्कृत आहे म्हणून अर्धं कळतं, पण नाव रंगपुराचं आणि वर्णन कोदंडधारी रामाचं, हे कसं? श्रीरंगमला तर शेषावर निजलेला विष्णू आहे ना?

दिंडी_साकी

हा माझा प्रांत. ठाण्यातच राहतो, घरात कीर्तनाची परंपरा.

रंगपुर म्हणजे श्रीरंगम, त्रिचीला लागून, कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधलं बेट. मामींच्या माहेरच्या अंगणातलाच देव म्हणा. कथा अशी की ही रंगनाथाची मूर्ती अयोध्येत इक्ष्वाकू कुळात पूजेत होती. रामाने ती बिभीषणाला दिली. तो लंकेला नेत असताना कावेरीकाठी खाली ठेवली आणि ती तिथेच राहिली. म्हणजे श्रीरंगमचा देव हा रामाच्या घरचा देव. म्हणून दीक्षितर एका दमात 'रंगपुर विहार' आणि 'कोदंड रामावतार' म्हणू शकतात.

आता ही जागा बघा: 'बृंदावन सारंगेंद्र वरद'. इथे दीक्षितरांनी रागाचं नाव शब्दांत लपवलं आहे. सारंग म्हणजे हत्ती असाही अर्थ आहे, म्हणून सारंगेंद्राला वर देणारा, गजेंद्राला सोडवणारा, असा अर्थ लावतात. देवाची स्तुती चालू आहे आणि त्यातच रागाचा पत्ता देऊन मोकळे! शेवटी 'शंकर गुरुगुहानंद' येतं. 'गुरुगुह' ही दीक्षितरांची मुद्रा. आपल्याकडे 'तुका म्हणे' आलं की टाळकऱ्याला कळतं अभंग संपत आला, तसंच.

आपण यमक ओळीच्या शेवटी बघतो. इथे ते ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरात आहे. रंगपुर, अंगज. पुढे चरणात पंकज, संकट, संकर्षण, आणि एखादं अक्षर आत सरकून वामांक, शेषांक, एणांक, अकलंक. 'ङ्ग' आणि 'ङ्क' यांचा पाऊस नुसता. पेटी बाजूला ठेवून एकदा मोठ्याने वाचा, मृदंग आपोआप वाजतो. 'एणांक रविनयन' म्हणजे चंद्र आणि सूर्य हे ज्याचे डोळे आहेत तो. एण म्हणजे हरीण, ते ज्याच्या अंकावर आहे तो चंद्र. 'अकलंक दर्पण कपोल' म्हणजे डाग नसलेल्या आरशासारखे गाल. हे म्हणताना बाईंचा आवाजही तसाच होतो, हे माझं मत.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. दीक्षितर १८३५ साली गेले. त्यांच्या काळात तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो याच सरफोजींनी. दीक्षितर काही काळ तंजावरला होते आणि तिथल्या दरबारातले चार नट्टुवनार (नृत्यगुरू) भाऊ त्यांचे शिष्य. पुढे आपलं कीर्तन तिकडे गेलं आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे छंद नावासकट शिरले. तमिळ भागवतर, म्हणजे तिकडचे कीर्तनकार, 'साकी' म्हणून साकी गातात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. आणि व्हायोलिन, जे आज त्या संगीताचा उजवा हात आहे, ते तिकडे रुळवलं ते दीक्षितरांच्या धाकट्या भावाने, बाळुस्वामींनी. पेटी जिथे थांबते तिथे व्हायोलिन का चालतं, ते मामींच्या कॉफीच्या ओघळाने तुम्हाला दाखवलंच आहे.

घंटाळीकर

दिंडीसाकी, यात एक भर. दीक्षितर तरुणपणी काशीला काही वर्षं होते. आपल्याकडचं गाणं त्यांनी तिथे ऐकलं आणि परत जाताना बरोबर नेलं. त्यांचा द्विजावंती राग म्हणजे आपला जयजयवंती. त्यामुळे हा सारंग कुठून कुठे गेला हे ठामपणे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणि हो, दोन दिवस झाले. काल विद्यार्थ्यांसमोर तानपुरा लावून ते 'रे ग रे सा' करून पाहिलं. मेघच्या आंदोलनात मी वरून, मध्यमावरून येतो. इथे ते खालून, रे मधून उठतं आणि मध्यमापर्यंत पोचतच नाही. माझी मेघची उपमा चुकली. सूनबाई, गंधार म्हणा.

सूनबाई_सीवूड्स

सर, स्क्रीनशॉट काढून सासूबाईंना दाखवला. त्यांनी तुमच्यासाठी हात जोडले.

खरं_बोलू_का

एवढं गणित करून भक्ती कुठे उरते? आमच्या गावात डोळे मिटून टाळ वाजवतात, देव येतो.

पांढरी_पाच (नेरूळ)

खरंबोलूका, मामीही डोळे मिटूनच गातात. हात मात्र उघडा असतो.

रामनवमी झाली, म्हणून हिशेब पुरा करतो.

तबलजींचा रुसवा काढायला दोन दिवस गेले. 'सहाचा रूपक' हे शब्द ते ऐकूनच घेईनात. शेवटी सूनबाईंची युक्ती केली. तालाचं नावच काढलं नाही. मामींना त्यांच्या समोर बसवलं आणि म्हटलं, फक्त हात बघा. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी डग्ग्यावर हात ठेवला, दोन आणि चार असे साधे बोल धरले आणि म्हणाले, "हा रूपक नाही, पण चांगला आहे." मध्यमकाल आला तेव्हा सवयीने लग्गीत, म्हणजे जलद बोलांत, शिरायला गेले. मामींनी न बघता डावा हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा. थांबले.

पेटीचं मी असं केलं: पल्लवीला साधी साथ, आणि जिथे जिथे 'रे ग रे' आहे तिथे बोटं उचलून नुसता सा-प धरून ठेवला. सरांना वाटेल पळवाट काढली. काढली.

बारा वाजता पाळणा झाला, गुलाल उधळला, आणि मग मामी बसल्या. पांढरी चार. हॉलचे पंखे बंद करायला लावले होते, त्यामुळे सगळे पुठ्ठ्याने वारा घेत होते. पल्लवीला मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल वाजला. 'बृंदावन सारंगेंद्र' ला मी दिंडीसाकींची आठवण काढली आणि एक पट्टी चुकलो. मग चरणात, खाली उतरताना ती जागा आली. माझी बोटं वर, पेटीतून फक्त सा-प, आणि त्यावर मामींचा तो ग, थोडा थरथरता. आता तो थरथर वयाचा होता की रागाचा, ते घंटाळीकर सरांनी ठरवावं. तबलजी "वाऽ" म्हणाले. समेच्या दोन मात्रा आधी, पण म्हणाले.

नंतर आमच्याकडचा सुंठवडा वाटला आणि मामींनी घरून केलेलं पानकम्, गुळाच्या पाण्यात सुंठ-वेलची. तबलजी तीन ग्लास प्यायले.

काल मामींनी अजून एक कॅसेट दिली आहे. ही कंपनीची आहे, टूइनवनसाहेब, चिंता नको. कव्हरवर ताल लिहिलाय त्रिपुट. मी लगेच तबलजींना फोन केला, म्हटलं, आता हा तुमचाच रूपक बरं का, सातचा, तीन-दोन-दोन. ते म्हणाले, "नाव सांगू नका. मामी कधी रिकाम्या असतात ते सांगा, हात बघायला येतो."